नवी आहे, पण 'फिट' आहे का?

लाखभर रुपये मोजून घेतलेली नवी कोरी वस्तू घरी आणली, बॉक्स उघडला आणि पहिल्याच नजरेत ओरखडा दिसला तर? पेनसिल्व्हेनियातल्या एका अर्ध्या मराठी घरात ही वस्तू होती लिव्हर-अॅक्शन रायफल. कुठला दोष मनावर घ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा, याचा तिने शिकवलेला 'फंडा'...

रात्रीचे साडेनऊ. डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरलेली. चादरीवर एक नवी कोरी रायफल. आणि मोबाइलचा टॉर्च लावून माझा मावसभाऊ तिच्यावर असा वाकलेला, जणू काही हिऱ्याची पारखच चाललीय!

"हे बघ. हा ओरखडा दिसतोय? आणि ही फट? नख जातंय आत, नख! अकराशे डॉलर घेतले यार यांनी!"

मी वाकून बघितलं. खरं सांगू? मला आधी काहीच दिसलं नाही. बंदुकीशी माझा संबंध म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आणि कॉलेजमधल्या एनसीसीवाल्या मैत्रिणीचे किस्से. पण दादाचा चेहरा मात्र ओळखीचा होता. नव्या गाडीच्या दारावर पहिला चरा दिसल्यावर होतो ना, अगदी तस्सा.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी तीन आठवडे दादाकडे राहायला गेले होते. ट्रिपचा प्लॅन होता न्यूयॉर्क, नायगारा आणि भरपूर शॉपिंग. प्रत्यक्षात लक्षात राहिली ती ही रायफल.

सण हरणांचा

दादा कोथरूडमध्ये वाढलेला. वीसेक वर्षांपूर्वी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी गेला आणि आता तिथला नागरिक आहे. 'नागरिक' हे मुद्दाम सांगतेय. कारण एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे सहसा बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण सरसकट परवानगी नाही. वहिनी मात्र पेनसिल्व्हेनियाचीच. तिच्या बाबांना घरात सगळेच 'पॉप' म्हणतात, म्हणून मीही. पॉप ७८ वर्षांचे. उभं आयुष्य एका मशिन शॉपमध्ये टूलमेकर म्हणून गेलेलं. बोलणं कमी, बघणं जास्त.

अमेरिका आणि बंदूक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या येतात. वहिनीच्याही येतात. त्यामुळे त्यांच्या घरात रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या खणात आणि किल्ली फक्त दोघांकडे. पण पेनसिल्व्हेनियाच्या गावांमध्ये हरणांच्या शिकारीचा सीझन हा जवळजवळ सणच असतो. पूर्वी रायफलचा सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी अनेक शाळांना चक्क सुट्टी असायची! २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय जवळजवळ संपला. तिथे तो रीतसर परवाना, ट्रेनिंग आणि ठरलेली संख्या या नियमांत चालतो. मारलेलं हरीण वर्षभर फ्रीझरमधून ताटात येतं.

दादा गेली सहा-सात वर्षं पॉपबरोबर रानात जायचा, पण नुसताच. थर्मास उचलायला. या वर्षी मात्र पॉप म्हणाले होते, "गुडघे आता ऐकत नाहीत. हा माझा शेवटचा सीझन." म्हणून दादाला स्वतःची रायफल हवी होती. दोघांनी शेजारी बसायचं, दोघांच्या हातात आपापली रायफल. एकदाच का होईना!

काउबॉयची रायफल

लिव्हर-अॅक्शन म्हणजे काउबॉयच्या सिनेमात दिसते ती. चापाभोवती लोखंडी कडं असतं. ते हाताने खाली ओढलं की रिकामं काडतूस बाहेर, वर ओढलं की नवं आत. खटॅक-खटॅक! काडतुसं नळीच्या खालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसलेली असतात. १८६० च्या हेन्री रायफलपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. मग विंचेस्टरचं १८७३ चं मॉडेल आलं, १८९४ चं आलं. हे '९४' तर पुढे ७० लाखांहून जास्त बनलं. त्याची कट्टर स्पर्धक मार्लिन. तिचं ३३६ हे मॉडेल १९४८ मध्ये आलं आणि अमेरिकेतल्या असंख्य घरांमधल्या कपाटात जाऊन बसलं.

पॉपकडे मार्लिन ३३६ च आहे. १९७४ मध्ये नवी घेतलेली. नळीवर 'जेएम' असा बारीक शिक्का. जॉन मार्लिन या मूळ मालकाची आद्याक्षरं. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, पन्नास वर्षं हात फिरून गुळगुळीत झालेला. लिव्हर ओढली की लोण्यातून सुरी फिरावी तसा आवाज. किंबहुना आवाजच नाही.

दादाच्या डोक्यात हीच रायफल होती. म्हणजे हिच्यासारखी, पण नवी. त्याने ऑनलाइन ऑर्डर दिली. तिथे ऑनलाइन घेतली तरी बंदूक घरी येत नाही. परवानाधारक दुकानदाराकडे येते. तिथे जाऊन केंद्र सरकारचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. मग तुमचं रेकॉर्ड तपासलं जातं (पेनसिल्व्हेनियात हे काम राज्याचे पोलिस करतात) आणि मगच रायफल ताब्यात. शनिवारची दुपार, सीझन तोंडावर, काउंटरवर रांग. दादाने फॉर्म भरला, सही ठोकली, बॉक्स उचलला आणि थेट गाडीत टाकला.

बॉक्स उघडला तो घरी. इथेच सगळं गंडलं.

"चालते ना? मग झालं!"

दादाची यादी अशी होती. एक, रिसीव्हरवर, म्हणजे मधल्या लोखंडी पेटीवर, इंचभर ओरखडा. दोन, लाकूड लोखंडाच्या पातळीत नाही. बोट फिरवलं तर कड लागते. तीन, रिसीव्हरची शेपटी लाकडात जिथे संपते तिथे फट. चार, नळी निळसर काळी आणि रिसीव्हर मात्र किंचित जांभळट. पाच, लिव्हर इतकी घट्ट की जणू जिमचं मशिन.

दुकानात फोन केला. माणूस सभ्य होता, पण उत्तर ठाम. फॉर्म भरून सही झाली, रायफल तुमच्या नावावर दुकानाबाहेर गेली, म्हणजे आता ती 'सेकंडहँड'. परत घेऊन नवी म्हणून विकता येणार नाही. कंपनीशी बोला.

कंपनीला (नाव मुद्दाम लिहीत नाही) दादाने रात्री एक वाजता ई-मेल पाठवला. चौदा फोटो, सहा उद्गारचिन्हं आणि 'डिसगस्टेड' हा शब्द दोनदा. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. सौजन्याने ओथंबलेलं. मथितार्थ : लाकूड ही नैसर्गिक वस्तू आहे, दिसण्यातला थोडाफार फरक अपेक्षितच आहे, रायफल चालतेय ना?

"म्हणजे काय? अकराशे डॉलर फक्त 'चालण्याचे' घेतले का?" दादा भडकला. मला त्याचं म्हणणं पटलं. वहिनी शांतपणे म्हणाली, "रविवारी पॉप येतायत. त्यांना दाखव."

अपेक्षा येते कुठून?

रविवार यायला चार दिवस होते. तोवर मी माझ्या पत्रकारी खाजेने या विषयात डोकं घातलं. आणि कळलं की दादाची तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे.

विंचेस्टरने १८७५ च्या आपल्या कॅटलॉगमध्ये उघड लिहिलं होतं की सगळ्या नळ्या सारख्या नसतात. चाचणीत ज्या नळीचा नेम विलक्षण चांगला निघेल, तिच्यावर खास फिनिशिंग करून 'हजारात एक' असं कोरायचं आणि किंमत लावायची १०० डॉलर. त्याखालची नळी 'शंभरात एक'. तिचे २० डॉलर जास्त. १८७३ च्या मॉडेलमध्ये अशा 'हजारात एक' रायफली दीडशेच्या आतच बनल्या. पुढे १९५० मध्ये त्यावर 'विंचेस्टर ७३' नावाचा जेम्स स्टुअर्टचा सिनेमाही आला. थोडक्यात काय, 'परफेक्ट' हवं असेल तर वेगळे पैसे पडतील, हे कंपनीने तेव्हाच सांगून टाकलं होतं!

दुसरा किस्सा १९६४ चा. हाताने करायच्या कामाचा खर्च परवडेना म्हणून विंचेस्टरने आपल्या रायफलींची बनावट बदलली. भाग स्वस्तात तयार होऊ लागले. '९४' च्या नव्या रिसीव्हरचा धातू तर असा होता की नेहमीचं ब्लूइंग त्यावर नीट बसेना. (ब्लूइंग म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला काळा-निळा थर. एक प्रकारचा शिस्तीतला गंजच तो!) गिऱ्हाइकांनी हे कधीच माफ केलं नाही. आजही जुन्या बाजारात 'प्री-सिक्स्टीफोर' म्हटलं की भाव वर जातो. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला. आता या नावाच्या लिव्हर-अॅक्शन रायफली जपानमध्ये मिरोकू कंपनीत बनतात. गंमत म्हणजे त्यांच्या फिनिशिंगचं कौतुक जुने अमेरिकन शिकारीसुद्धा करतात.

मार्लिनची कथा तर एखाद्या मॅनेजमेंट कोर्सला केस स्टडी म्हणून लावावी अशी. २००८ च्या सुरुवातीला रेमिंग्टनने मार्लिन ताब्यात घेतली. २०११ मध्ये नॉर्थ हेवनचा कारखाना बंद केला आणि काम दुसऱ्या राज्यात हलवलं. मशिन्स ट्रकमध्ये घालून नेता येतात. पण त्या मशिनवर तीस-तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसांचे हात कसे नेणार? त्यानंतरच्या काही वर्षांतल्या रायफलींबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. लाकूड आणि लोखंडात फटी, तिरप्या बसवलेल्या साइट्स, खडबडीत अॅक्शन. लोकांनी या मालाला 'रेमलिन' असं टोपणनाव ठेवलं. रेमिंग्टनने २०१८ आणि २०२० असं दोनदा दिवाळखोरीसाठी कोर्ट गाठलं. तेव्हा रूगर कंपनीने मार्लिन विकत घेतली, सुमारे तीन कोटी डॉलरला. पण त्यांनी घाई केली नाही. वर्षभर मशिन आणि मापं लावण्यात घालवलं आणि पहिली रायफल बाजारात आणली ती २०२१ च्या डिसेंबरमध्ये. ३३६ परत यायला तर २०२३ उजाडलं.

यातला 'फंडा' हा, की नव्या बंदुकीत सगळ्यात महाग असतात ते माणसाचे तास. आजच्या सीएनसी मशिनवर कापलेले भाग मापाला जुन्यापेक्षा पक्के निघू शकतात. पण ब्लूइंगआधीचं पॉलिश आणि लाकूड लोखंडाला घासून-घासून बसवणं ही हाताची कामं. पैसे वाचवायचे तर आधी तिथेच कात्री लागते. आणि नेमकं तेच आपल्या डोळ्यांना आधी दिसतं.

दोन ढीग

रविवारी पॉप आले. आधी रायफल रिकामी आहे ना, ते स्वतः लिव्हर उघडून, डोळ्याने आणि बोटाने तपासलं. मग दादाची यादी ऐकून घेतली. मधे एक शब्द नाही. शेवटी म्हणाले, "आपण दोन ढीग करू. एक, डोळ्याला खुपणारं. दुसरं, पुढे नडणारं."

ओरखडा? पहिल्या ढिगात. "रानात पहिल्याच दिवशी याच्याहून मोठा पडेल."

जांभळट रंग? पहिल्या ढिगात. नळी आणि रिसीव्हर वेगवेगळ्या पोलादाचे असतात. एकाच ब्लूइंगमध्ये दोघांचा रंग वेगळा येऊ शकतो. ओतीव रिसीव्हरला तर जांभळी झाक हमखास.

लाकूड वर आलेलं? पॉप हसले. हे बरेचदा मुद्दामच ठेवतात. लाकूड हवेतल्या दमटपणाने फुगतं, आकसतं. शिवाय पुढे कधी दस्ता घासून पुन्हा पॉलिश करायचा झाला तर थोडं लाकूड शिल्लक हवं. लोखंडापेक्षा लाकूड खाली गेलेलं असेल तर ते वाईट, कारण ते परत वर येत नाही. थोडं वर असेल, आणि सगळीकडे सारखं असेल, तर चालतं.

घट्ट लिव्हर? "दोनशे वेळा उघड-बंद कर, मग बोलू." नवे भाग एकमेकांवर घासून वाट करून घेतात. घट्ट असणं वेगळं आणि अडकणं वेगळं. अडकत असेल तर दुसरा ढीग.

आणि ती शेपटीमागची फट, जिच्यात नख जात होतं? दादाचा सगळ्यात मोठा पुरावा! पॉप म्हणाले, "ती फट नसती तर मी तुला रायफल परत करायला सांगितलं असतं."

आम्ही दोघंही बघतच राहिलो.

लॉजिक साधं होतं. बार काढला की रायफल मागे धक्का मारते. रिसीव्हरची ती निमुळती शेपटी लाकडात खुपसलेली असते. तिचं टोक लाकडाला टेकलेलं असेल तर प्रत्येक बाराला ती पाचरीसारखी घुसते आणि एक दिवस दस्ता उभा चिरतो. म्हणून शहाणा कारागीर टोकामागे केसभर जागा सोडतो. धक्का झेलायचा तो रिसीव्हरच्या मागच्या दोन्ही खांद्यांनी, सारखा-सारखा.

हे सांगता-सांगता पॉपनी खिशातून एक पावती काढली. रिसीव्हर आणि लाकूड जिथे भेटतात तिथे उजव्या बाजूला सरकवली. सुळकन आत गेली. डाव्या बाजूला? जाईना. म्हणजे सगळा धक्का एकट्या डाव्या खांद्यावर. पॉपच्या कपाळावर पहिली आठी आली. "दुसरा ढीग."

मग त्यांनी रायफल मऊ पट्टीच्या शिकंजात धरली, रिसीव्हरच्या सपाट माथ्यावर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा मधे आणला. "आता मागून बघ. पुढची साइट कशी दिसते?"

मी पण बघितलं. एकदा दिसल्यावर 'न दिसणं' शक्यच नव्हतं. नेम धरायची ती छोटीशी उभी पट्टी उजवीकडे कललेली होती. चौदा फोटोंपैकी एकातही दादाने ती टिपली नव्हती. टॉर्च लावून तो ओरखडे शोधत होता ना!

दुपारी दोघं रेंजवर गेले. पन्नास यार्डांवरून तीन गोळ्या. तिन्ही एकमेकींच्या जवळ, पण मध्यापासून वीतभर डावीकडे. साइट उजवीकडे कललेली, म्हणून नळी नकळत डावीकडे वळते. मागची साइट खाचेत उजवीकडे सरकवून नेम जमवता येत होता, पण त्यासाठी ती पार कडेला न्यावी लागत होती.

बग रिपोर्ट

आता खरा पेच. सीझनला जेमतेम दोन आठवडे. रायफल कंपनीकडे पाठवली तर ती वेळेत परत येणार नाही, हे उघड होतं. नाही पाठवली तर? "मागची साइट सरकवून हरीण पडेल," पॉप म्हणाले. "पण दस्ता दहा वर्षं टिकेल की दहा बार, हे मी सांगू शकत नाही."

दादा त्या रात्री बराच वेळ गॅरेजमध्ये बसून होता. वहिनी मला हळूच म्हणाली, "त्याला रायफलचं दुःख नाहीये. त्याला पॉपच्या शेजारी बसायचं होतं."

सकाळी त्याने दुसरा ई-मेल लिहिला. या वेळी लॅपटॉपवर नीट बसून, ऑफिसात बग रिपोर्ट लिहितो तसा. विशेषणं शून्य. तीन फोटो : पाणसळीसह कललेली साइट, एका बाजूने आत गेलेली पावती, आणि गोळ्यांचं टार्गेट, अंतर लिहून. ओरखड्याचा उल्लेखसुद्धा नाही. शेवटी एकच ओळ : साइट सरळ करावी आणि दस्ता नीट बसवून किंवा बदलून द्यावा.

दोन दिवसांत उत्तर आलं. सोबत कुरियरचं पैसे भरलेलं लेबल. तीच कंपनी, तीच रायफल! फरक एवढाच, की पहिल्या वेळी दादाने त्याला 'काय खुपतंय' ते सांगितलं होतं आणि दुसऱ्या वेळी 'काय नडतंय' ते.

रायफल गेली. थँक्सगिव्हिंगची टर्की झाली. शनिवारी पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून मी खाली आले तर दोघं निघायच्या तयारीत. अंगावर भडक केशरी जाकिटं, डोक्यावर केशरी टोप्या. तिथे डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी रंग दिसलाच पाहिजे असा नियम आहे. दुसऱ्या शिकाऱ्याने तुम्हाला हरीण समजू नये म्हणून. रायफल मात्र एकच होती. पॉपची. आणि ती दादाच्या खांद्यावर होती. थर्मास पॉपच्या हातात.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"मी पन्नास वर्षं ती उचलली," पॉप म्हणाले. "आज कॉफी उचलतो."

त्या दिवशी हरीण काही दिसलं नाही. संध्याकाळी दोघं गारठून परत आले, पण दादाचा मूड एकदम वेगळा. त्याने जुनी रायफल पुसायला टेबलवर ठेवली आणि मला बोट फिरवायला लावलं. "बघ. इथेपण लाकूड वरच आहे!" खरंच होतं. फक्त पन्नास वर्षांच्या हातांनी ती कड गोल झाली होती. पॉपनी खुर्चीतूनच भर घातली की साइट तर त्यांनी दोनच वर्षांत बदलून घेतली होती. आणि त्यांच्या मित्राने त्याच साली घेतलेल्या रायफलीचा दस्ता चिरला होता, ती केव्हाच भंगारात गेली. 'जुनं ते सोनं' म्हणतो खरं आपण. पण जे सोनं नव्हतं ते आज आपल्याला दिसतच नाही, हे कोण सांगणार?

सही करण्याआधीची दहा मिनिटं

तिकडे राहणाऱ्या, कायद्याने रायफल घेऊ शकणाऱ्या दोस्तांसाठी पॉपची चेकलिस्ट. रांग कितीही मोठी असो, फॉर्मवर सही करण्याआधी!

• काउंटरवरच्या माणसाची परवानगी घ्या. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, आणि रायफल रिकामी असल्याची खात्री स्वतः करा.

• आधी पुढची साइट. मागून बघा, सरळ उभी आहे का? मागची साइट खाचेच्या मधोमध आहे का? ती कारखान्यातूनच एका कडेला सरकवलेली असेल तर संशय घ्या.

• लिव्हर सावकाश आणि मग झटक्यात, दहा वेळा उघड-बंद करा. घट्ट चालेल, अडकलेली नाही. बंद केल्यावर ती पूर्ण बसते का?

• रिसीव्हरच्या मागे दोन्ही बाजूंना कागद सरकवून बघा. दोन्हीकडे सारखं उत्तर यायला हवं. शेपटीमागची केसभर फट मात्र असू द्या.

• दस्त्याच्या मनगटापाशी, म्हणजे जिथे तो सगळ्यात बारीक असतो तिथे, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने सरळ हव्यात. नक्षीदार रेषा दिसायला भारी, पण इथे आडव्या असतील तर दस्ता तिथेच तुटतो. केसासारखी चीर आहे का, तेही उजेडात बघा.

• नळीचं तोंड बघा. कडेला चेप किंवा ओरखडा असेल तर तो पहिल्या ढिगातला नाही. गोळी सगळ्यात शेवटी तिथूनच सुटते.

• लिव्हरच्या आतल्या कडेवरून आणि काडतूस आत सरकवायच्या झडपेवरून अंगठा फिरवा. धारदार कडा बोटं कापतात.

• ऑनलाइन मागवली असेल तरी दुकानात उघडून बघा. पसंत नसेल तर सही करण्याआधी नाही म्हणता येतं. नंतर तुमच्या हातात उरते फक्त वॉरंटी.

• आणि ओरखडा? दिसला तर जरूर बोला. सहीआधी त्यावर थोडी सूट मिळू शकते. सहीनंतर फक्त सहानुभूती!

आपल्यासाठी काय?

आपल्यापैकी फार कमी जणांवर रायफल घ्यायची वेळ येणार आहे. पण फ्लॅटचं पझेशन घेताना आपण काय करतो? टाइलवरचा डाग बघून बिल्डरशी भांडतो आणि बाथरूमचा उतार कुठल्या दिशेला आहे ते बघायचं राहून जातं. मोबाइलच्या काचेवरची रेघ दिसते, चार्जरची ढिली पिन दिसत नाही. खुपणारं आधी दिसतं. नडणारं शोधावं लागतं, आणि तेही सही करण्याआधी.

याचा अर्थ खुपणारं गप्प गिळायचं असा मात्र नाही. पॉपनाही तो ओरखडा आवडला नव्हताच. अकराशे डॉलर घेतल्यावर इंचभर ओरखडा पुसायला एका माणसाची पाच मिनिटं देता येऊ नयेत, हे त्यांच्यासारख्या टूलमेकरला लागलं होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "त्याला घाई असणार. कुणीतरी लावलेली."

जानेवारीत दादाचा व्हिडिओ कॉल आला. रायफल कंपनीकडून थेट घरी परत आली होती. दुरुस्तीहून येताना दुकानातून जावं लागत नाही. साइट सरळ, दस्ता नवा. दोन्ही बाजूंना पावती सरकवून बघितली म्हणे, कुठेच जात नाही.

"आणि ओरखडा?" मी विचारलं.

"आहे की! तिथेच आहे. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी माझा एक पडेल."

"आणि पॉप? तो शेवटचा सीझन होता ना?"

मागून वहिनीचा हसण्याचा आवाज आला. "अगं, ते गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते!"